मागच्या रांगेतील पाच जण : राखीव खेळाडू आणि संघाचे यश

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने महिनाभरापूर्वी माझ्याकडे एक जुने छायाचित्र पाठविले. आपल्या शाळेच्या कबड्डी संघाचे ते छायाचित्र पंचवीसएक वर्षांपूर्वीचे असावे. मध्यभागी खुर्चीवर मुख्याध्यापक, त्यांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ढाल मांडीवर घेतलेला कर्णधार. पुढे सतरंजीवर सहा खेळाडू आणि मागे पाच मुले उभी. खालच्या पुठ्ठ्यावर शाईने नावे लिहिली आहेत. ती सात आहेत. सातव्या नावानंतर स्वल्पविराम आणि पुढे ‘व राखीव खेळाडू’ एवढेच शब्द. अक्षर माझेच आहे.

मंडळाची विनंती साधी होती. मागच्या रांगेतील मुलांची नावे कळवावीत, म्हणजे ती छापता येतील. मला तीन नावे आठवली, दोन आठवली नाहीत. त्या दोघांपैकी एकाची चढाई मला आजही जशीच्या तशी दिसते. तो कोणत्या पायाने रेषा ओलांडी, मागे वळताना खांदा कसा झुकवी, हे मी आत्ता उभे राहून करून दाखवू शकेन. पण नाव काही केल्या स्मरत नाही. या लेखासाठी मी दुसरा एक विषय योजिला होता. तो बाजूला ठेवून राखीव खेळाडूंविषयीच लिहावे असे त्या दिवशी ठरविले.

राखीव खेळाडू म्हणजे कोणी दुखावला तर उपयोगी पडावा म्हणून बाजूला ठेवलेला गडी, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. नियमांकडे पाहिले तरी तसेच वाटते. कबड्डीचा संघ बारा जणांचा, मैदानात उतरतात सात. खो-खोतही परंपरेने बारांपैकी नऊ खेळतात. क्रिकेटमधील बाराव्या गड्याचे स्थान तर अधिकच चमत्कारिक आहे. त्याने क्षेत्ररक्षण करावे, पण फलंदाजी वा गोलंदाजी करू नये, असा दंडक पिढ्यान् पिढ्या चालत आला. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी पूर्ण अधिकाराने दुसरा खेळाडू घेण्याची मुभा कसोटी क्रिकेटमध्ये 2019 साली मिळाली. फुटबॉलच्या विश्वचषकातही बदली खेळाडूला प्रवेश मिळाला तो 1970 साली. तोवर एखादा जायबंदी झाला की उरलेल्या दहांनी सामना ओढून न्यावा, एवढाच मार्ग होता.

क्रिकेटच्या धावफलकावर बदली खेळाडूने घेतलेला झेल नोंदविताना पुष्कळदा त्याचे नावही देत नाहीत, ‘बदली खेळाडू’ एवढेच लिहितात. 1983 साली अहमदाबादच्या कसोटीत वेस्ट इंडीजविरुद्ध गुरशरण सिंग यांनी बदली क्षेत्ररक्षक म्हणून चार झेल घेतले. बदली खेळाडूने एका कसोटीत चार झेल घेण्याची ती पहिलीच वेळ. त्या सामन्यात कपिल देव यांनी एका डावात नऊ बळी मिळविले, ते सर्वांना पाठ आहेत. गुरशरण यांना पुढे आयुष्यात एकच कसोटी खेळावयास मिळाली.

परंतु माझा अनुभव असा आहे, की राखीव खेळाडूचे खरे काम सामन्याच्या दिवशी नसतेच. ते आधीच्या दहा दिवसांत होऊन गेलेले असते. कबड्डीचेच उदाहरण घ्या. सात जणांच्या बचावफळीला सराव द्यावयाचा तर समोरून चढाई करणारे कोणी हवे. स्वतःच्याच संघातील चढाईपटू बचावालाही उभे राहत असतील, तर समोर उरतात ते हे पाच जण. ते जितक्या जीव ओतून चढाई करतील, तितकीच बचावफळी घट्ट होईल. ते पाय ओढत आले, दोन पावले टाकून परत गेले, तर कोपऱ्यावरच्या खेळाडूला आपली पकड पक्की आहे असा खोटा विश्वास वाटू लागतो, आणि तो खोटेपणा उपान्त्य फेरीत उघडा पडतो. संघाचा बचाव नेमका किती चांगला आहे, याचे माप राखीव खेळाडूंच्या हाती असते. सामान्य प्रेक्षकाला हे दिसत नाही. प्रशिक्षकाला दिसते, निदान दिसावयास हवे.

ज्या वर्षीचे ते छायाचित्र आहे, त्या वर्षी जिल्हा पातळीवर आमची गाठ एका बलाढ्य संघाशी पडणार होती. त्यांचा एक चढाईपटू नेहमी आमच्या डाव्या कोपऱ्याच्या अंगाने शिरे, पाय पुढे टाकल्यासारखे करी, बचावपटू पायावर झेपावला की हाताने पाठीला स्पर्श करून निसटे. आम्ही त्याला आधीच्या फेरीत पाहिले होते. परतल्यावर मागच्या रांगेतील तो मुलगा मला म्हणाला, “सर, मी करू का त्याच्यासारखं?” आणि त्याने ते केले. हुबेहूब. चार दिवस पहाटे आणि पुन्हा सायंकाळच्या वंदनेपर्यंत तो त्या परक्या खेळाडूची चढाई आमच्या डाव्या कोपऱ्यावर घालीत राहिला. पहिल्या दिवशी कोपरा दर वेळी फसला. तिसऱ्या दिवशी त्याने पायाकडे झेपावणे सोडले आणि खांद्याकडे पाहावयास सुरुवात केली. खांदा झुकला की हात येणार, हे त्याला उमगले होते. सामन्यात तो नामांकित चढाईपटू आमच्या मुलांनी पाच वेळा पकडला. सत्कारात कोपरारक्षकाला हार पडला. वसतिगृहात त्या रात्री त्याचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. ज्याने त्याला तो खांदा दाखविला, तो भांडी घासण्याच्या पाळीवर होता.

हे मी कौतुकाने सांगत आलो आहे. पुढचा भाग आजवर कोठे सांगितला नव्हता. अंतिम सामन्याच्या उत्तरार्धात आमच्याकडे अठरा गुणांची आघाडी होती. तो मुलगा रेषेबाहेर पाय मोकळे करीत उभा होता. दोनदा त्याने माझ्याकडे पाहिले. त्याला उतरविण्यास काहीच हरकत नव्हती. पण हातची ढाल जाईल या भीतीने मी एकही बदल केला नाही. सामना आम्ही जिंकलो. पुढच्या वर्षी जूनमध्ये निवड चाचणीला तो आला नाही. विचारले तर म्हणाला, “सर, दहावीचा अभ्यास आहे.” मी ते खरे मानले, कारण ते मानणे मला सोयीचे होते.

यापुढचे उदाहरण फार मोठ्या मैदानावरचे आहे. पण त्यात जे घडले त्याचे मूळ आमच्या त्या चार पहाटांहून वेगळे नाही. 2020 च्या डिसेंबरात भारताचा क्रिकेट संघ ऑस्ट्रेलियात अॅडलेडच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात अवघ्या 36 धावांत संपला. कर्णधार विराट कोहली बाळाच्या जन्मासाठी मायदेशी परतणार होता, मोहम्मद शमीचा हात मोडला होता. अजिंक्य रहाणेने नेतृत्व हाती घेतले, मेलबर्नला शतक ठोकले आणि संघाने बरोबरी साधली. परंतु त्यानंतर दुखापतींची रांगच लागली. उमेश यादव, रवींद्र जडेजा, हनुमा विहारी, रविचंद्रन अश्विन, जसप्रीत बुमराह, एकापाठोपाठ एक असे सारे बाहेर पडले. 15 जानेवारी 2021 रोजी ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर उतरलेल्या अकरांपैकी अॅडलेडला खेळलेले तिघेच होते. त्या मैदानावर ऑस्ट्रेलिया 1988 पासून एकही कसोटी हरली नव्हती.

गोलंदाजांची स्थिती पाहिली तर अंगावर काटा येतो. पाचही गोलंदाजांच्या नावावर मिळून आधीच्या चार कसोट्या जमा होत्या. टी. नटराजन हा सेलम जिल्ह्यातील खेडेगावचा तरुण दौऱ्यावर आला तो सरावात गोलंदाजी टाकण्यासाठी. वॉशिंग्टन सुंदर वीस षटकांचे सामने संपल्यावर त्याच कामासाठी थांबवून घेतलेला. आमचा पालघरचा शार्दूल ठाकूर 2018 साली हैदराबादला पहिली कसोटी खेळला, पण दहा चेंडू टाकून जायबंदी झाला होता. त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ त्याला दुसरी कसोटी मिळाली नव्हती. मोहम्मद सिराजचे वडील दौऱ्याच्या आरंभीच निवर्तले होते आणि तो घरी न जाता संघाबरोबर राहिला होता. ऑस्ट्रेलियाचे दोन्ही डावांतील वीसच्या वीस बळी या चौघांनी घेतले. अॅडलेडला यांपैकी एकही संघात नव्हता.

पहिल्या डावात भारताचे सहा गडी 186 धावांत परतले होते, समोर 369 धावा होत्या. तेथून ठाकूर आणि सुंदर यांनी सातव्या गड्यासाठी 123 धावा जोडल्या. मग अखेरच्या दिवशी शुभमन गिलच्या 91 धावा, अंगावर चेंडू झेलत उभा राहिलेला चेतेश्वर पुजारा आणि ऋषभ पंतच्या नाबाद 89 धावा यांच्या बळावर 328 धावांचे लक्ष्य तीन गडी राखून पार झाले. गिल आणि पंत हेही पहिल्या कसोटीत बाहेर बसलेलेच. त्या मालिकेत भारताने एकंदर 20 खेळाडू खेळविले.

याला पुष्कळांनी चमत्कार म्हटले. मला तसे वाटत नाही. साथीच्या काळातील विलगीकरणाच्या नियमांमुळे ऐन वेळी भारतातून खेळाडू बोलाविणे अशक्य होते, म्हणून संघाबरोबर जादा गोलंदाज आधीच नेलेले होते. हे तरुण दोन महिने रोज भारताच्या उत्तमोत्तम फलंदाजांना चेंडू टाकीत होते आणि त्या देशातील खेळपट्ट्यांची उसळी त्यांच्या हाताला ठाऊक झाली होती. त्यांतील काहींनी राहुल द्रविडच्या मार्गदर्शनाखाली भारत ‘अ’ संघातून परदेश दौरेही केले होते. गॅबावर ते प्रथमच दिसले, एवढेच. सराव मात्र प्रथमच झालेला नव्हता.

मालिका जिंकल्यावर रहाणेने चषक नटराजनच्या हाती दिला, ते छायाचित्र सर्वांनी पाहिले आहे. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. कुलदीप यादव हा फिरकी गोलंदाज संघात होता. अश्विन आणि जडेजा दोघेही जायबंदी झाल्यावर आता आपली पाळी, असे त्याला वाटले नसेल तरच नवल. पण सुंदर फलंदाजीही करतो म्हणून त्याची निवड झाली. वीस जण खेळले, कुलदीप चारही कसोट्या बसून राहिला. विजयानंतर खेळाडूंच्या खोलीत बोलताना रहाणेने त्याचे नाव घेतले. एकही सामना न मिळता त्याने वृत्ती ढळू दिली नाही, हे सर्वांसमोर सांगितले. सरावासाठी आणलेल्या कार्तिक त्यागीचाही उल्लेख केला. ज्याला बोलावणे आलेच नाही त्याला विजयाच्या क्षणी आठवावे, हे मला त्या वयात आणि त्या जागी सुचले नव्हते.

तसे पाहिले तर 1983 च्या विश्वविजेत्या संघातही सुनील वॉल्सन होतेच. चौदा जणांच्या त्या चमूत एकही सामना न खेळलेले ते एकटे. पुढेही त्यांना भारतासाठी आंतरराष्ट्रीय सामना मिळाला नाही. सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत त्यांचे नाव विचारतात आणि मुले हसतात. मी वर्गात हसू देत नसे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, अन्यथा या लेखाचा विपरीत अर्थ निघेल. बसणे हीसुद्धा सेवाच आहे, असे गोड शब्द सांगून कोणालाही कायमचे बसवून ठेवता येते, आणि आपल्या इतिहासात तसे झालेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात युरोपियनांच्या क्रिकेट मैदानावर पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील तरुण महिना चार रुपये पगारावर काम करीत. खेळपट्टीवर रोलर फिरविणे, जाळी बांधणे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करणे, हे त्यांचे काम. जे. जी. ग्रेग हे त्या काळचे नावाजलेले फलंदाज, त्यांना बाळूंनी तासन् तास चेंडू टाकले. ग्रेग यांची फलंदाजी त्यावर धारदार झाली. बाळूंच्या हाती मात्र तेथे बॅट कोणी दिली नाही. पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले, ते साहेबांना हरवावयाचे म्हणून. मैदानावर चेंडू सर्वांचा एक. पण चहाच्या वेळी बाळूंचा पेला वेगळा, मातीचा, आणि तोही बाहेर. 1911 सालच्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी मिळविले. एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी लाभले नाही. ते 1923 साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले.

ग्रेग यांच्या जाळीत चेंडू टाकणारे बाळू आणि भारताच्या जाळीत चेंडू टाकणारा नटराजन, दोघांचे काम एकच. एकाला जाळीतून मैदानाकडे जाणारी वाट उघडी होती, दुसऱ्याची वाट जन्माने बंद केलेली होती. राखीव खेळाडूच्या मोलाविषयी जो कोणी बोलतो, त्याला मी आधी हा प्रश्न विचारीन, की तुमच्या बाकापासून मैदानापर्यंत वाट आहे काय, आणि बसलेल्या मुलाला ती दिसते काय?

ही वाट कशी राखावी, हे मला आपल्या खो-खोने शिकविले. पुढे काही वर्षे खो-खोचा संघ माझ्याकडे आला, तेव्हा लक्षात आले की या खेळात बसणे हाच खेळाचा मोठा भाग आहे. आठ आक्रमक चौकांत बसलेले असतात, नववा धावत असतो. बसलेला गडी आरामात बसत नाही; टाचा उचललेल्या, बोटे जमिनीला टेकलेली, नजर पळणाऱ्यावर आणि कान पाठीमागे. खो मिळण्यापूर्वी उठला तर नियमभंग होतो. खो मिळाल्यावर क्षणभर उशीर केला तर गडी निसटतो. अशी तयारीची बैठक शिकविण्यास वर्ष लागते. आणि ती मुले शिकतात, कारण खो येणार हे त्यांना ठाऊक असते. ज्या चौकातल्या मुलाला कर्णधार कधी खो देतच नाही, त्याच्या टाचा आठवड्याभरात जमिनीला लागतात. त्याला आळशी म्हणण्यात अर्थ नाही.

त्यानंतर मी काही सवयी लावून घेतल्या. सामन्याच्या आदल्या रात्री प्रत्येकाला, बाराही जणांना, उद्याचे त्याचे काम सांगावयाचे: कोणी प्रतिस्पर्ध्यांच्या डाव्या कोपऱ्यावर नजर ठेवावी, कोणी आमच्या चढाईपटूचा दम कधी लागतो ते पाहावे. मध्यंतरात आधी त्यांना बोलते करावयाचे, मग मी बोलावयाचे. बाहेर बसलेल्या चौदा वर्षांच्या मुलाने जे टिपलेले असते, ते धापा टाकणाऱ्या कर्णधाराला दिसलेले नसते. साखळी फेरीत बारांपैकी प्रत्येकाला निदान काही मिनिटे मैदानात उतरविण्याचाही नेम केला. सहकारी शिक्षक याला दया म्हणत. मी ते मानीत नाही. ज्याच्या पायांना सामन्यातील माती कधी लागली नाही, त्याला अंतिम सामन्यात ऐन मोक्याच्या चढाईला पाठविणे हा त्याच्यावरही अन्याय आहे आणि संघावरही. या नेमापायी आम्ही एकदा साखळीतला एक सामना गमावला, हेही सांगून टाकतो.

पालकांविषयी दोन शब्द. निवासी शाळेत मुलाला पाहावयास आई-वडील मजुरी बुडवून, दोन एस्.टी. बदलून येतात. सामन्याचा दिवस गाठून येतात आणि पाहतात तो आपला मुलगा बाहेर बसलेला. काही मुले तर घरी निरोप धाडीत, की सामन्याला येऊ नका. हे मला फार उशिरा कळले. तेव्हापासून मी अशा पालकांना सरावाच्या वेळी बोलावू लागलो. एका आईने आपल्या मुलाला बचावफळी एकट्याने झुंजविताना पाहिले आणि मला विचारले, “मग उद्या त्याला का नाही?” मी कारणे सांगितली. तिचे समाधान झाले नाही. माझेही पूर्ण झाले नव्हते.

आता पुन्हा त्या छायाचित्राकडे येतो. संपादक मंडळाने ते या स्मरणिकेत छापण्याचे मान्य केले आहे आणि खाली बारा जागा ठेवल्या आहेत. दहा नावे भरली. मागच्या रांगेत डावीकडून दुसरा, कान थोडे बाहेर आलेले, सदऱ्याचे वरचे बटण लावलेला; आणि त्याच रांगेतला पाचवा, ज्याचा चेहरा ढालीच्या चकाकीने अर्धा धुवून निघाला आहे, या दोन जागा रिकाम्या आहेत. चढाई करणारा तो दुसरा. त्या काळातील माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी त्यांना ओळखत असेल, किंवा ते स्वतःच हे वाचत असतील, तर शाळेच्या कार्यालयात नाव कळवावे. पुठ्ठ्यावरचे ‘व राखीव खेळाडू’ हे शब्द मी खोडले आहेत. त्या जागी लिहावयाचे आहे.